हाराजुकूचा फ्रॉक घरी शिवता येईल का?

वाचकाचे पत्र : मी वीस वर्षांची असून इचलकरंजीत राहते. टोकियोतील हाराजुकू भागातल्या मुलींची छायाचित्रे पाहण्यात आली आणि त्यांतले ‘लोलिता’ पद्धतीचे, गुडघ्यापर्यंतचे घेरदार फ्रॉक मनात बसले. जपानी कंपनीचा फ्रॉक घेण्याची ऐपत नाही. त्याची नक्कल मात्र ऑनलाइन अडीच हजारांत मिळते. माझी आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. ती म्हणते, “कापड आण, दोन दिवसांत शिवून देते, पण हा लहान मुलीचा फ्रॉक तू घालून जाणार कुठे?” मला स्वतः शिवायला शिकायचे आहे, पण आजवर बटण लावण्यापलीकडे काही केलेले नाही. सुरुवात फ्रॉकनेच करावी का? लोक हसतील त्याचे काय? आणि एक छोटी शंका : चेन लावावी की हुक, आणि लेस कोणती घ्यावी?

उत्तर : शिवायला जरूर शिका, पण सुरुवात फ्रॉकने करू नका. आधी घेरदार स्कर्ट शिवा, मग त्याच्या आत घालायचा फुगीर परकर शिवा आणि ही दोन्ही कामे हातात बसल्यावरच फ्रॉकचे कापड आणा. अडीच हजारांची नक्कल घेऊ नका. आईने दोन दिवसांत शिवून देण्याची तयारी दाखवली आहे, तिलाही प्रेमाने नकार द्या, कारण तिने शिवलेला फ्रॉक तुमच्या अंगावर येईल, पण तुमच्या हातात काहीच येणार नाही. तिच्याकडून फ्रॉकऐवजी तिची नजर मागा. प्रत्येक टप्प्याला तिने तुमचे काम पाहावे, चुकले तेथे बोट ठेवावे आणि उसवण्याचे काम मात्र तुम्हीच करावे.

तुमच्या पत्रातून असे वाटते की हे कपडे दुकानातून विकत घेण्याचे असतात आणि घरी शिवणे हा पैसे नसलेल्यांचा उपाय आहे. हा समज आधी दूर झाला पाहिजे, कारण हाराजुकूची फॅशन दुकानांइतकीच घरातल्या शिलाई मशीनवरही वाढलेली आहे. १९७७ पासून सुमारे वीस वर्षे तेथील मुख्य रस्ता रविवारी वाहनांना बंद असे आणि त्या मोकळ्या रस्त्यावर तरुण मुले-मुली स्वतःला हवे तसे नटून येत. छायाचित्रकार शोइची आओकी यांनी १९९७ मध्ये ‘फ्रूट्स’ नावाचे मासिक काढले. त्यात रस्त्यावर भेटलेल्या मुला-मुलींचे पूर्ण उंचीचे छायाचित्र आणि खाली अंगावरच्या प्रत्येक वस्तूचा ठावठिकाणा एवढाच मजकूर असे. त्या ओळींत कंपन्यांची नावे येत, जुन्या कपड्यांच्या दुकानांची नावे येत आणि ‘हाताने केलेले’ असा उल्लेखही वारंवार येई. तुम्हाला आवडलेल्या लोलिता पद्धतीपुरते बोलायचे, तर २००१ मध्ये निघालेल्या ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ या नियतकालिकात नव्या फ्रॉकच्या जाहिरातींबरोबर घरी शिवण्याचे नमुनेही छापले जात. महागड्या कंपन्यांची चित्रे आणि त्याच धाटणीचा कपडा घरी कसा बेतावा याचे आराखडे एकाच अंकात शेजारी नांदत होते, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नव्हती.

यामागे जपानी घरांतील शिवणकामाची जुनी सवय आहे. टोकियोतील बुन्का फॅशन कॉलेज १९२३ पासून आहे; केन्झो ताकादा आणि योजी यामामोतो हे जगप्रसिद्ध फॅशनकार तेथेच शिकले. त्याच संस्थेच्या परिवारातील ‘सोएन’ हे शिवणकाम आणि फॅशनचे नियतकालिक १९३६ मध्ये सुरू झाले. जपानच्या प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला मुलगे आणि मुली दोघांनाही हातटाके आणि शिलाई मशीन शिकवले जाते. त्यामुळे तेथील एखाद्या मुलीला आवडलेला फ्रॉक परवडला नाही, तर ‘आपणच शिवून पाहू’ हा विचार तिला फार धाडसाचा वाटत नाही. तुमच्या घरात तर मशीन रोज चालते, म्हणजे तुम्ही त्या मुलीच्याही एक पाऊल पुढे आहात.

नकलेबद्दल माझे मत जरा कडक आहे. ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ ही १९८८ मध्ये सुरू झालेली कंपनी किंवा ‘अँजेलिक प्रिटी’ यांच्या नव्या फ्रॉकची किंमत साधारणपणे २०,००० येनच्या बरीच वर असते आणि त्यावर टपालखर्च व सीमाशुल्क येते, तेव्हा तुमचा नाइलाज मला कळतो. पण त्या फ्रॉकवरचे केक, टेडी, गुलाब यांचे छापील चित्र कंपनीच्या चित्रकाराने त्या फ्रॉकच्या घेरासाठी मुद्दाम काढलेले असते, आणि नक्कल करणारा नेमके तेच उचलतो. ही पद्धत आवडणाऱ्या मुलींमध्ये अशा नकलेला मान नाही, हे ती मागवण्यापूर्वी तुम्हाला ठाऊक असावे. शिवाय स्वस्त नकलेत बहुधा पातळ, चकचकीत पॉलिस्टर, एकेरी शिवण आणि जेमतेम घेर मिळतो. छायाचित्रात तुम्हाला जे आवडले ते त्या कपड्याचे उभे राहणे आहे, आणि अशा कपड्यात नेमके तेच नसते.

म्हणून ते छायाचित्र आता तुमच्या आईने एखाद्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजकडे पाहावे तसे पाहा. रंग, लेस आणि फुले क्षणभर विसरा. कमर नेहमीच्या जागी, घट्ट बेतलेली आहे. तिच्याखाली कापड चुण्यांनी एकदम पसरते. आणि गुडघ्याजवळ घंटेसारखा गोल घेर तयार होतो. हा गोल वरच्या कापडाने धरलेला नसतो, आतल्या परकराने धरलेला असतो. नवशिक्या मुली बहुतेक वेळा वरच्या फ्रॉकवर महिनाभर मेहनत घेतात, आतला परकर विसरतात आणि मग आरशात ओघळलेला घेर पाहून आपल्याला शिवण जमत नाही असे ठरवून मोकळ्या होतात. दोष त्यांच्या शिवणीत नसतोच.

आता स्कर्टकडे वळू. कापड पॉपलिन किंवा केंब्रिक घ्या. तुमच्या गावच्या मागांवर हेच कापड वर्षानुवर्षे विणले जाते, त्यामुळे दुकानदाराला पोत दाखवायला सांगताना संकोच करू नका. सॅटिनला पहिल्या कामात हात लावू नका, कारण ते सुईखाली सरकते आणि उसवल्यावर भोके दाखवते. तुमची कंबर २८ इंच आहे आणि स्कर्टची तयार उंची २२ इंच हवी आहे, असे धरून हिशेब देते. तुमच्या मापाप्रमाणे तो बदला. ४४ इंच पन्ह्याच्या कापडाचे पूर्ण रुंदीचे दोन तुकडे घेतले आणि बाजूच्या शिवणींची माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, वजा केली, तर ८६ इंच घेर मिळतो, म्हणजे कमरेच्या तिपटीहून थोडा अधिक. या पद्धतीच्या स्कर्टला तेवढा घेर लागतोच; दुपटीवर भागवले तर तो शाळेच्या गणवेशासारखा दिसतो. प्रत्येक तुकडा उंचीला साडेचोवीस इंच कापा : २२ इंच उंची, दोन इंच खालची दुमड आणि अर्धा इंच वरची माया. कमरपट्टीला साडेतीन इंच रुंद आणि ३० इंच लांब पट्टी लागेल. दोन मीटर कापडात हे सारे बसून खाली झालर लावण्यापुरतेही कापड उरते. झालर लावणार असाल, तर तिच्या उंचीएवढे माप स्कर्टमधून आधी वजा करायला विसरू नका. कापड कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री केलेच पाहिजे. नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल.

खरे कसब चुण्यांत आहे, म्हणून येथे थोडी थांबते. टीप सर्वांत लांब ठेवा, वरच्या दोऱ्याचा ताण किंचित सैल करा आणि कापडाच्या वरच्या कडेला दोन समांतर टिपा मारा : एक कडेपासून पाव इंचावर आणि दुसरी पाऊण इंचावर. दोन्ही टिपांचे दोरे शेवटी वीतभर लांब सोडा. बाजूच्या शिवणीवरून या टिपा नेऊ नका. तेथे थांबून पलीकडून पुन्हा सुरू करा, कारण जाड शिवणीत दोरा अडकतो आणि ओढताना तुटतो. कमरपट्टीचे आणि घेराचे प्रत्येकी चार सारखे भाग करून खडूने खुणा करा, खुणेवर खूण टाचणीने अडकवा आणि मग फक्त खालचे, म्हणजे बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र धरून कापड हळूहळू सरकवा. चुण्या बोटाने नव्हे, टाचणीच्या टोकाने सारख्या करा. पक्की टीप या दोन टिपांच्या मधून, अर्ध्या इंचावर जाईल. वर आणि खाली दोन्हीकडे धरलेली चुणी सुईखाली आडवी पडत नाही आणि कमरेवर गाठोडे होत नाही. एकाच टिपेवर चुण्या घालायचा मोह होईल. परकराला ते खपते, कारण वर साडी नेसली जाते. येथे तीच चुणी सगळ्यांना दिसणार आहे. काम झाले की खाली दिसणारी लांब टीप काढून टाका. पॉपलिनला १४ नंबरची सुई चालेल. आईच्या मशीनला कोणती लावलेली आहे ते आधी विचारा. आणि तिच्या कापडाच्या कात्रीने कागद कापू नका, यावरून घरोघरी झालेली भांडणे मी पाहिली आहेत.

आतल्या फुगीर परकरासाठी तुम्हाला परदेशातून काही मागवावे लागणार नाही. लग्नाच्या घागऱ्यात घालतात ती कॅनकॅनची ताठ जाळी येथे कामाला येते आणि ती तुमच्या आईच्या ओळखीच्या दुकानात मिळेल. वर सुती कापडाचा आठ इंच उंच, नितंबांच्या मापाहून किंचित सैल पट्टा आणि त्याला नेफा करून इलॅस्टिक घाला. तो पट्टा ४० इंच घेराचा धरला, तर त्याखाली सहा इंच उंचीची ८० इंच लांब जाळी आणि तिच्याखाली पुन्हा सहा इंच उंचीची १६० इंच जाळी लावा. प्रत्येक थर वरच्याच्या दुप्पट झाला आणि एकूण उंची २० इंच, म्हणजे स्कर्टपेक्षा दोन इंचांनी कमी राहिली. कमरेपाशी जाळी अजिबात नको, नाहीतर घेराचा फुगा पोटावर येतो. ताठ जाळीवर दोरा ओढून चुण्या घालणे त्रासाचे असते, म्हणून मशीनवर शिवतानाच बोटाने बारीक प्लेट्स घालत जा. त्या असमान झाल्या तरी दिसणार नाहीत. जाळीची शिवण पायाला टोचते, तेव्हा आतून व्हॉइलचे अस्तर हवेच. हा परकर घडी करून कपाटात दाबून ठेवला तर बसतो. तो उलटा टांगून ठेवावा.

एवढे झाल्यावर फ्रॉकचा वरचा भाग येतो आणि येथे तुमच्या आईची खरी मदत होईल. या फ्रॉकची चोळी बहुतेक वेळा उभ्या जोडांनी अंगावर बसवलेली असते. आई प्रिन्सेस कट ब्लाउज शिवत असेल, तर तिच्या दृष्टीने यात नवे काहीच नाही. फक्त तो ब्लाउज कमरेपर्यंत येतो आणि तेथे घेराला जोडला जातो. जपानी नमुन्यांची पुस्तके पुढे हाती आली, तर तीन गोष्टी लक्षात असू द्या. मापे सेंटिमीटरमध्ये असतात. एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असतात, त्यामुळे हवी ती रेषा दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावी लागते. आणि बहुतेक नमुन्यांत शिवणीची माया धरलेलीच नसते. ती आपण चारी बाजूंनी सोडायची असते. हे माहीत नसल्यामुळे फ्रॉक अंगात शिरला नाही, अशी तक्रार फार ऐकू येते. जपानमधील प्रचलित ९ नंबरचे माप ८३ सेंटिमीटर छातीवर, म्हणजे पावणेतेहतीस इंचांच्या आसपास बेतलेले असते, हेही आपल्या मापाशी ताडून पाहा. कोणताही नमुना चांगल्या कापडावर ठेवण्यापूर्वी तो मांजरपाटात कच्च्या टाक्यांनी शिवून, अंगात घालून, आईकडून टाचण्या लावून घ्या.

मापाच्या चिंतेवर या फ्रॉकमध्येच एक सुंदर उपाय असतो : पाठीचा मधला भाग इलॅस्टिकने चुणलेला असतो, त्यामुळे एकच फ्रॉक दोन-तीन इंचांच्या फरकाने अंगावर बसतो. लहान मुलींच्या स्मॉकिंगच्या फ्रॉकवर हे काम तुम्ही पाहिलेले असेल. घरी करायचे तर बॉबिनवर इलॅस्टिकचा धागा हाताने, न ताणता गुंडाळा, वर नेहमीचा दोरा ठेवा आणि टीप लांब करा. पाठीचा तो तुकडा दीड ते दोनपट रुंद कापून त्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर आडव्या टिपा मारत जा. दुसऱ्या ओळीपासून कापड ताणून सपाट धरावे लागते, नाहीतर टीप वाकडी जाते. सगळ्या ओळी झाल्यावर इस्त्री न टेकवता वरून नुसती वाफ द्या, म्हणजे धागा आणखी आखडतो. हा प्रयोग आधी चिंधीवर करा आणि आईच्या मशीनच्या बॉबिन केसचा ताण तिला विचारल्याशिवाय फिरवू नका. दुसऱ्या दिवशी तिला त्याच मशीनवर गिऱ्हाइकाचा ब्लाउज शिवायचा असतो. लग्नसराईत तर तुम्हाला मशीन मिळणारही नाही. ते दिवस हातटाके, काज आणि हुक शिकण्यात घालवा.

लोक हसतील का? काही जण हसतील. पण हा कपडा घालणाऱ्या मुलींना जपानमध्येही हे सोपे नव्हते. रविवारी हाराजुकू स्टेशनजवळच्या पुलावर जमणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच दूरच्या गावांतून रेल्वेने येत आणि त्यांतल्या कित्येक जणी साध्या कपड्यांत घरून निघून तेथे पोहोचल्यावर कपडे बदलत. तुम्हालाही एकदम पूर्ण थाटात कॉलेजात जाण्याची गरज नाही. पॉपलिनचा घेरदार स्कर्ट आतल्या जाळीशिवाय, साध्या पांढऱ्या ब्लाउजवर घातला, तर तो इचलकरंजीच्या बाजारातही कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही. जाळी घालून तोच स्कर्ट मैत्रिणीच्या वाढदिवसाला घाला. आईचा ‘लहान मुलीचा फ्रॉक’ हा आक्षेप मात्र झिडकारू नका. तिला छायाचित्रे नीट दाखवा आणि गळा बंद आहे, लांबी गुडघ्यापर्यंत आहे, पायात लांब मोजे आहेत, हे तिच्या नजरेला आणून द्या. शिवणाऱ्या बाईला कपड्याचे काम आवडले, की तो कपडा कोणी घालावा याविषयीचे तिचे मत बरेच मवाळ होते, असा माझा अनुभव आहे. खण किंवा इरकलीचा लोलिता फ्रॉक करावा, असे कोणी सुचवील. जपानमध्ये किमोनोच्या धाटणीचा असा प्रकार आहे, तेव्हा कल्पना वाईट नाही. पण खणाचा पन्हा अरुंद असतो आणि घेरात जोड फार येतात, म्हणून ते काम पुढे केव्हातरी करा.

राहिली तुमची छोटी शंका. पहिल्या स्कर्टला चेन नको. कमरपट्टीला दोन हुक आणि खालच्या फटीला टिच बटणे लावा. हे हाताने होते आणि चुकले तर चेनसारखे सगळे उसवावे लागत नाही. अदृश्य चेन फ्रॉकच्या वेळी आईकडून शिकून घ्या. लेस सुतीच घ्या, क्रोशासारख्या विणीची आणि कापडाच्या रंगाशी मिळणारी. नायलॉनची पांढरीशुभ्र, चमकणारी लेस लावली तर मेहनतीने शिवलेला स्कर्ट गॅदरिंगच्या नाचाचा पोशाख वाटतो. झालरीला लागेल त्याहून हातभर लेस जास्त घ्या, आणि कापडाप्रमाणे लेसही भिजवून वाळवल्यावरच लावा, कारण सुती लेस कापडाहून अधिक आटते आणि मग सरळ शिवलेली कड पहिल्याच धुण्यात गोळा होते.